सतरावा कप्पा

वसंत केरकरांनी काचेची चिप चिमट्याने उचलली आणि यंत्रात सरकवली. बोटभर लांबीची ती पट्टी, पण तिच्यात केसाएवढ्या बारीक वाटा आणि शहाण्णव कप्पे होते. कप्प्याकप्प्यात कुणाच्या तरी हाडातून काढलेला थेंब होता. यंत्र त्याला गरम-गार करत डीएनएच्या लाखो प्रती काढायचं. पूर्वी आठवडे लागत, आता दुपारपर्यंत मेलेल्याला नाव मिळे.

कॉटन ग्रीनचं गोदाम जळून नऊ दिवस झाले होते. अकरा जणांची ओळख पटत नव्हती. नातेवाईक हॉस्पिटलात नमुना देऊन जात. परळच्या या प्रयोगशाळेत नुसते नंबर येत. केरकरांचा मुलगा नील भांडून घराबाहेर पडला होता आणि त्याचा फोन आगीच्या दिवसापासून बंद होता. आपणही नमुना देऊ या, असं त्यांची बायको सुनेत्रा दोनदा म्हणाली होती.

"नील गोदामात कशाला मरायला जाईल?" केरकर तिच्यावर खेकसले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा त्यांचा हट्ट. खरं तर ते भयंकर घाबरले होते.

दुपारी संगणकाच्या पडद्यासमोरून त्यांची सहकारी जोॲना ओरडली, "सर, सतराव्या कप्प्यात तुमचं नाव लाल आलंय. हात लागला वाटतं. वडे तुमच्याकडून हं!"

कामात कुणाच्या त्वचेचा कण पडला तर यंत्र त्याच्याही प्रती काढतं. म्हणून सगळ्या कर्मचाऱ्यांचा डीएनए यंत्रात नोंदवलेला असे; अर्धा जुळला तरी नाव लाल होई. जो सापडे, त्याने वडे आणायचे. तेवीस वर्षांत केरकरांवर ती पाळी आली नव्हती.

त्यांनी कागद हातात घेतला. डीएनएच्या प्रत्येक तपासलेल्या जागेसमोर दोन आकडे होते, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. हात लागला असता तर दोन्ही त्यांचेच आले असते. इथे एक त्यांचा होता, दुसरा नव्हता. ते बोट ठेवत शेवटच्या ओळीपर्यंत गेले. सगळीकडे तेच.

शेऱ्यात 'भेसळ' लिहिलं असतं तर आजचा दिवस निभावला असता. केरकरांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

जोॲनाने त्यांच्या खांद्यावरून कागद पाहिला. तिचं हसू मावळलं.

"सर, परत लावू?"

"लाव. आईचाही नमुना लागेल."

त्यांनी घरी फोन लावला.

"सुनेत्रा, तो नमुना... देऊन टाकू या म्हणतो."

"मी मंगळवारीच दिला," ती म्हणाली. "तुम्ही चिडाल म्हणून बोलले नाही." मग तिने विचारलं, "सापडला का हो तो?"