दहाव्याचे आप्पासो

गावात कुणी गेलं की दहाव्याला नदीकाठी बोलायला आप्पासोच लागायचे. वीस वर्षं हेच. लग्नात, बारशात मात्र त्यांच्या हातात माईक कुणी देत नव्हतं. आप्पासोंनी तोंड उघडलं की लोक आजूबाजूला बघून मोजायचे, आपल्यातलं कोण कमी झालं.

म्हणून सुभेदार वीरधवल रिटायर होऊन आला आणि बोलणारं दुसरं कुणी नसल्यानं सत्काराचं भाषण आप्पासोंवर आलं, तेव्हा त्यांनी ठरवलं, आज हे दहाव्याचं नाव पुसायचंच. चार दिवस गोठ्यात म्हशीपुढं तालीम केली.

"म्हस जित्ती हाय न्हवं?" दोस्त नाथाजीनं विचारलं.

"दूध वाढलंय तिचं. गप बस."

कोरेगावापासून उघड्या जीपमधनं मिरवणूक आली. स्टेजवर आप्पासोंनी सुरुवात झकास केली. बर्फ झाला, बॉर्डर झाली, शिस्त झाली. मग नजर गेली हार घातलेल्या वीरधवलवर. शेजारी त्याची आई शालूबाई, डोळ्याला पदर. हार आणि पदर एकदम दिसले अन् जीभ आपल्या रोजच्या वाटेला लागली.

"असा दिलदार माणूस पुन्हा होणे नाही. ईश्वर कुटुंबाला बळ देवो. दोन मिनिटं उभं राहू या."

गाव उभं राहिलं. गावालाही सवय तीच. सरपंच उभे, बँडवाले उभे, माना खाली. हुकूम म्हटल्यावर सुभेदारही उठला आणि स्वतःसाठीच सावधानमध्ये उभा राहिला. आप्पासोंच्या ध्यानात आलं तवर एक मिनिट सरलं होतं. आता मोडावं का पुरं करावं, हेच त्यांना कळंना.

"कोण गेलं रं?" म्हातारी बयाबाई पुटपुटली.

"काय की. समदी उभी हायती म्हंजी गेलंच आसंल कोणतरी," नाथाजी म्हणाला.

दोन मिनिटं झाली. वीरधवलनं माईक घेतला. आप्पासो पायानं चप्पल चाचपू लागले.

"आप्पा, माणूस गेल्यावर गाव काय बोलतं, ते कुणाला ऐकाय मिळत न्हाई. मला मिळालं. लय बरं वाटलं."

टाळ्या पडल्या. आप्पासो खाली उतरले तर बयाबाईनं बाही धरली.

"माझं बी आत्ताच बोल बाबा. जित्ती हाय तवर. सुनंला म्होरं बसवते."

तिच्यामागं आणखी चार म्हाताऱ्या. नाथाजीनं खिशातनं पेन काढून तळहातावर नावं लिहायला घेतली.

"नाथा, म्हंजी माझं नाव पुसलं का पक्कं झालं?"

"थांब गड्या, बयाबाईच्या मागं कोण हाय ते लिवू दे आधी."