मोकळ्या किनाऱ्याचा लघुपट

मित्रांनो, तुम्ही लघुपट पुष्कळ पाहिले असतील. पण मला त्यांत कधी पाहिले नसेल. मी चित्रात दिसलो, तर ते दृश्य चुकले असे मानून पुन्हा घेतात. मी एक जुना मायक्रोफोन आहे. लांब नळीसारखा माझा देह एका काठीच्या टोकाला बसवतात आणि वाऱ्याची घरघर अडवण्यासाठी मला लोकरी टोपी घालतात. माझ्या पोटात अत्यंत पातळ असा एक पडदा आहे. आवाजाच्या लाटेने तो थरथरतो आणि त्या थरथरीची वीज होते. माझ्या जन्मात एवढेच तंत्र आहे. मला डोळे नाहीत. म्हणून मी जे सांगेन, ते केवळ ऐकलेले आहे.

दूरच्या एका कारखान्यात मी तयार झालो आणि रत्नागिरीत निलेशच्या स्टुडिओत आलो. निलेश लग्नांचे चित्रीकरण करी. मंगलाष्टके, सनई, विहिणींचे टोमणे असे सारे मी निष्ठेने टिपले. “ह्याच्यासारखा कान शहरात दुसरा नाय,” असे तो पाहुण्यांना सांगे. त्या शब्दांनी मला धन्य वाटे.

पुढे शहरात लघुपटांची स्पर्धा जाहीर झाली. विषय होता ‘आमचे शहर, आमची माणसे’. मृणाली नावाची कॉलेजात शिकणारी मुलगी निलेशकडे आली. खाडीकाठच्या मच्छीमार वाडीवर तिला लघुपट करायचा होता. त्या वाडीसमोरच्या वाळूत बायका जुनी जाळी पसरून त्यांवर जवळा आणि खारवलेले बांगडे वाळवत. पावसाळ्याआधी घरोघर आगोटीची, म्हणजे चार महिन्यांच्या साठवणीची खरेदी होई, तेव्हा हीच सुकी मासळी विकून त्यांची घरे चालत. त्या जागेवर आता नगरपरिषदेकडून बाके, दिवे आणि फरशा बसवण्याचे घाटत होते. जागा वाचावी, एवढीच तेथे मासळी वाळवणाऱ्या यमुनाबाईंची इच्छा होती. वाडीतल्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नसत.

आवाज तपासण्यासाठी आम्ही आदल्या दिवशी वाडीत गेलो. माश्यांची गुणगुण, कावळ्यांची भांडणे, जाळी झटकल्याचा फटकारा, असा भरलेला आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. “उद्या सकाळी शूटिंगला येतो हां, काकी,” एवढेच यमुनाबाईंना सांगून मृणाली निघाली.

दुसऱ्या दिवशी माझी काठी मृणालीने धरली होती. मला फक्त बांगड्यांची किणकिण आणि लाटा ऐकू आल्या. एकही कावळा ओरडत नव्हता.

“काकी, मासळी कुठे गेली?” मृणालीने विचारले.

“उचलली गो बाय. सगळी आत नेऊन ठेवली. पावण्यांसमोर बांगडे पसरून ठेवायचे काय? तुझा पिच्चर मुंबईपर्यंत जाणार. बोलतील, रत्नांग्रीच्या बायका घाणीत बसतात.”

“सडा घातलाय, रांगोळी काढलीय,” शेजारची गोदा म्हणाली. “हिनं तर कावळ्यांना पण सांगितलंय, आज रजा घ्या.”

“तू गप गो. स्वतः लग्नातली साडी नेसून आलीस ती!”

सगळ्या हसल्या. कोकणात पाहुणा येणार म्हटले की अंगण झाडतात. या बायकांनी किनारा झाडला होता.

“परत पसरता येईल का?” मृणालीने हळूच विचारले.

“राहू दे,” निलेश म्हणाला. “मोकळा किनारा फ्रेममध्ये मस्त दिसतोय.”

मग यमुनाबाई माझ्याजवळ येऊन बोलल्या. “ही वाळू गेली तर आमी वाळवण घालायचा कुठं? डोक्यावर? आमची शेती म्हणशील तर हीच.” त्या बराच वेळ बोलल्या. मी एक अक्षरही सांडले नाही.

संकलनाच्या वेळी मी टेबलावर पडून ऐकत होतो. लघुपटाला वेळेची मर्यादा होती. “काकींचा चेहराच बोलतो, शब्द नकोत,” मृणाली म्हणाली आणि त्या आवाजाच्या जागी बासरी आली. तिच्या मनात कपट नव्हते. लघुपटाला पहिले बक्षीस मिळाले. सभागृहात तो दाखवला, तेव्हा मीही तेथे होतो; टाळ्या वाजल्या. गोदा म्हणाली, “यमुने, हिरॉइन झालीस गो!” यमुनाबाईंनी मात्र विचारले, “दिसतेय खरी, पण माझा बोलणं कुठं हाय?”

किनाऱ्याच्या कामासंबंधी बैठक भरली, तेव्हा ध्वनिमुद्रणासाठी मला तेथे नेले होते. एका अधिकाऱ्यांनी तोच लघुपट पडद्यावर लावला. बासरी वाजली आणि थांबली.

“हा तुमचाच लघुपट. यात मासळी कुठे दिसते? जागा रिकामी आहे.”

“साहेब, ती आमी उचललेली,” यमुनाबाई म्हणाल्या. “तुमी लोकं बघणार म्हणून.”

“म्हणजे उचलता येते तर!”

खोलीत हशा पिकला. मृणाली घाईने उठली. “सर, काकींचं मूळ बोलणं रेकॉर्ड केलंय. निलेशदादा, आहे ना?”

निलेश खाकरला. एक काम हातावेगळे झाले की मेमरी कार्ड पुसून पुढच्या लग्नासाठी वापरायचे, ही स्टुडिओची पद्धत होती. “ते पुसलं गं,” तो म्हणाला.

यमुनाबाई उठल्या. त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज तेवढा मी टिपला.

त्या जागी आता फरशा आहेत. लघुपट पाहून लोक तेथे छायाचित्रे काढायला येतात आणि “इथल्या कोळणी कुठे बसतात हो?” असे विचारतात, असे निलेश सांगतो. यमुनाबाई घराच्या पत्र्यावर मूठभर जवळा घालतात. आगोटीला त्यांच्याकडे आता गिऱ्हाईक येत नाही. गोदा लेकीकडे मुंबईला गेली.

मीही निकामी झालो आहे. खाऱ्या हवेने माझा पडदा खराब झाला. निलेश आता शर्टाला अडकवायचे छोटे माईक वापरतो. मला पुसून, कोरड्या डब्यात ठेवले असते, तर मी आणखी काही वर्षे चाललो असतो. पण माझे दुःख मोठे नाही. यंत्र दुसरे मिळते.

मित्रांनो, तुम्हीही उद्या लघुपट काढाल. ज्यांच्या दारी जाल, त्यांना आदल्या दिवशीच सांगा की काही आवरू नका, तुमची मासळी उन्हातच राहू द्या. आणि त्यांचा आवाज पुसण्यापूर्वी एकदा तरी शेवटपर्यंत ऐका. यमुनाबाईंच्या वाळूला याचा आता काही उपयोग नाही.