बाळकाट्याचं असमाधान

मी एक जुना बाळकाटा आहे. बाळकाटा म्हणजे तान्ह्या मुलांचं वजन करायचा काटा. अंग लोखंडी, वर पांढरा मुलामा, डोक्यावर खोलगट परात आणि पोटाशी आडव्या दांडीवर सरकणारं पितळी वजन. एका कोपऱ्यावरचा मुलामा उडालेला आहे. तो मला शोभतो असं मी मानतो. मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूंनी आपली दुःखं सांगायची असतात असं मी ऐकून आहे. माझ्याकडे दुःखं फारशी नाहीत. मला आयुष्यात आली ती किळस. तीच सांगतो.

माझा जन्म इटलीच्या मुख्य भूमीवर, एका कारखान्यात झाला. तिथून बोटीने आमच्या बेटावर आलो आणि पुढे एसटीसारख्या एका गाडीच्या टपावर बसून डोंगरातल्या सोर्गिले गावी. सोर्गिलेत माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत आणि त्याचं कुणालाच वाईट वाटत नाही. गावच्या दवाखान्यात मला ग्राझिएत्ता मावशींच्या ताब्यात दिलं. मावशी सुईण. आवाज भरड, हात मऊ.

लोखंड गार असतं म्हणून बाळाला ठेवण्याआधी मावशी परातीत कागद अंथरायच्या आणि त्यावर फडकं. कागद म्हणून त्या सरकारी राजपत्र वापरत. ते दर आठवड्याला फुकट यायचं.

"वाचून कुणाला ऊब मिळाली नाही," त्या म्हणायच्या, "निदान वर झोपून तरी मिळू दे."

बाळं माझ्यात रडायची, हातपाय झाडायची आणि बहुतेक सगळी माझ्यात मुतायची. राजपत्र भिजायचं. खरं सांगतो, त्याची मला कधीच किळस वाटली नाही. ते माझं काम होतं आणि त्यांचंही.

एके दिवशी तोलू धनगराची मुलगी आली. लाह्यांच्या पुरचुंडीएवढी. पितळी वजन सरकवत सरकवत मावशींनी पार डावीकडे नेलं. बापाचं तोंड उतरलं.

"मावशी, हिचं कसं व्हायचं?"

"ओरडतेय ना?"

"मघापासून थांबलेली नाही."

"मग हिची काळजी करू नकोस. लोकांची कर."

ही गाविना तोलू. पुढे ती आमच्या प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेली आणि मावशींचा शब्द खरा झाला.

मधल्या काळात माझे दिवस फिरले. डॉक्टर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मेंढीच्या दुधाचा भाव बाटलीतल्या पाण्याच्या खाली गेला, तशी तरुण मंडळी बोटीत बसून निघून गेली. उन्हाळ्यात झरे आटू लागले आणि मग वर्षाचा सगळा पाऊस एकाच दुपारी पडून खिंडीतला रस्ता घेऊन जाऊ लागला. बाळं यायची थांबली. खानावळीचा अंतियोको मला रिकोता चीज तोलायला घेऊन गेला, कधी कोकरं तोलायला. चारा करपल्यावर कोकरं हलकी भरू लागली ती मलाच सगळ्यांत आधी कळली. पण कोकराचं वजन प्रामाणिक असतं. किळस अजून यायची होती.

ती उद्घाटनाने आणली. बंद दवाखान्याला रंग देऊन सरकारने त्याचं नाव 'आरोग्यगृह' ठेवलं. मला खानावळीतून आणून घासूनपुसून टेबलावर मांडलं. आरोग्यमंत्री आले, फीत कापली, बाळाचं वजन करताना फोटो काढला. बाळ खालच्या गावातून तासाभरासाठी आणलं होतं. संध्याकाळी दवाखान्याला कुलूप. पुढचे मंत्री आले, त्यांनी पाटी बदलून 'जन आरोग्यगृह' केली आणि फीत कापली. या वेळी खालच्या गावानेही बाळ दिलं नाही, म्हणून माझ्यात प्लास्टिकची बाहुली ठेवली. तिचे डोळे उघडेच होते. मी नजर फिरवू शकत नाही, हा माझ्या रचनेतला दोष.

तिसऱ्या वेळी रायमोंदो स्पिगा मंत्री झाले होते. पाटी 'नवयुग जन आरोग्यगृह'. बाहुली सापडेना. मंत्र्यांचा सचिव घामाघूम होऊन अंतियोकोकडे गेला.

"काहीही द्या हो, जिवंत आणि छोटं."

"कोकरू चालेल?"

"तोंड झाकता येईल?"

"ते त्याच्या मनावर आहे."

कोकराला दुलईत गुंडाळून माझ्यात निजवलं. स्पिगासाहेबांनी वाकून, डोळे मिटून, दुलईवर ओठ टेकवले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला : 'डोंगरातल्या नव्या पाहुण्याचं स्वागत'. कोकराने माझ्यात काय केलं ते सांगत नाही, पण त्याबद्दल मला आजही त्याचा आदर वाटतो. शिसारी आली ती त्या मिटल्या डोळ्यांची.

यानंतर सोर्गिलेत एक गोष्ट घडली. भाकरी भाजणाऱ्या मिकेलाला दिवस गेले. कित्येक वर्षांत गावातलं पहिलं बाळ. तिचा नवरा गवताच्या शोधात मेंढ्या घेऊन सखल भागात गेलेला, इस्पितळ खिंडीपलीकडे, आणि मावशी आता काठी टेकत चालायच्या.

"माझे हात आहेत अजून," मावशी गाविनाला म्हणाल्या, "पण उद्या काही अडलं तर हातांनी काय करू? डॉक्टर आण. बाळ यायच्या आत आण."

गाविनाने विधिमंडळात प्रश्न टाकला : सोर्गिलेच्या दवाखान्यात डॉक्टर कधी येणार? सोबत मलाही जीपमध्ये घालून राजधानीला नेलं. दारावर पिनुच्चो नावाचा शिपाई होता. तो म्हणाला, "ताई, सभागृहात फक्त कागद, पेन आणि चष्मा नेता येतो."

"हे जोडपत्र आहे. प्रश्नाला जोडलंय."

पिनुच्चोने मला दोन्ही बाजूंनी पाहिलं, परातीखाली क्रमांकाची चिठ्ठी डकवली आणि आत सोडलं. जोडपत्र झाल्यामुळे प्रश्न निकाली निघेपर्यंत मला हलवता येईना. मी गाविनाच्या बाकावर राहिलो.

तिथे मला कळलं की किळस ही डोंगरात फुटकळ मिळते, तिचं कोठार इथे आहे. गाविना उठून विचारायची. दुधाच्या भावाचं काय? आटलेल्या झऱ्यांचं काय? वाहून गेलेल्या रस्त्याचं काय? मंत्री उठून सांगायचे की या प्रश्नाबद्दल सरकार अत्यंत संवेदनशील आहे. मग ते चीज घातलेला पाव खात माझ्याजवळून जायचे. मेंढीच्या दुधाचं चीज. पावाचे कण माझ्या परातीत पडायचे.

आमच्या विधिमंडळात एक रीत आहे. मंत्र्यांचं उत्तर झालं की प्रश्न विचारणाऱ्याने उभं राहून एकच शब्द सांगायचा : समाधानी, किंवा असमाधानी. तो कामकाजात लिहिला जातो. आणि विचारणारा गैरहजर असेल, तर तो समाधानी आहे असं धरून प्रश्न कायमचा मिटतो. म्हणून गाविना एकही बैठक चुकवत नसे. आणि म्हणूनच तिचा प्रश्न दर वेळी पुढे ढकलला जात असे.

अखेर तारीख लागली. त्याच दिवशी सकाळी सोर्गिलेत आभाळ फाटलं आणि मिकेलाच्या पोटात कळा सुरू झाल्या. पुढचं मला मावशींनी नंतर सांगितलं. आदल्या रात्री गावी आलेल्या गाविनाने मिकेला आणि मावशी दोघींना जीपमध्ये घातलं. इस्पितळाचा रस्ता आणि राजधानीचा रस्ता खिंडीपर्यंत एकच. खिंडीत रस्ता नव्हता. तिथे पाणी होतं.

गाविनाने विधिमंडळात फोन लावला. "मी अडकलेय. माझा प्रश्न पुढच्या बैठकीत घ्या."

"लेखी अर्ज द्या, बाई."

"मी पुरात उभी आहे."

"अर्जाला कारण जोडावं लागेलच. तेच लिहा."

मागच्या सीटवरून मावशी ओरडल्या, "गाविना, तो फोन ठेव आणि हिचं डोकं धर. त्यांना बाळ होत नाहीये, हिला होतंय."

इकडे सभागृहात स्पिगासाहेब उभे राहिले. समोर रिकामी खुर्ची आणि मी. त्यांनी वाचून दाखवलं : "सोर्गिले गावात गेल्या अनेक वर्षांत, आजच्या तारखेपर्यंत, एकही जन्म झालेला नाही. सबब तिथे डॉक्टरची गरज उद्भवत नाही. आरोग्यगृह मात्र सुसज्ज असून त्याचं उद्घाटन वेळोवेळी करण्यात आलेलं आहे."

अध्यक्षांनी विचारलं, "सदस्या समाधानी आहेत की असमाधानी?"

मग त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"गैरहजर. म्हणजे समाधानी. पुढचा विषय."

जाता जाता स्पिगासाहेबांनी उत्तराचा कागद माझ्या परातीत टाकला आणि माझ्या अंगावर दोनदा थापटलं. मित्रांनो, मी वाट पाहिली. माझ्यात काहीही ठेवलं तरी माझी दांडी थोडी का होईना हलते. तो कागद सहीशिक्क्यासकट पडून होता. दांडी हलली नाही.

त्यानंतर आमचं काम संपलं असं मी समजलो होतो. पण पुढच्या बैठकीच्या सकाळी दाराशी ओळखीचा भरड आवाज आला. गाविना, मिकेला, मावशी. मिकेलाच्या हातात गाठोडं, आणि गाठोडं ओरडत होतं.

"ताई, बाळ आत नेता येणार नाही," पिनुच्चो म्हणाला.

"नियमात लिहिलंय?"

त्याने पुस्तक चाळलं. "नियमात कुत्रा आहे, शस्त्र आहे आणि मेंढी आहे. मेंढी धनगरांच्या मोर्चाच्या वेळी घातली."

"मग?"

"मग काय, या. पण हे काय म्हणून नोंदवू?"

"जोडपत्राचा उरलेला भाग," मावशी म्हणाल्या. "काटा आधी पाठवला होता, वजन आता आणलंय."

प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला मागच्या कामकाजाचा वृत्तान्त वाचतात आणि त्यात वस्तुस्थितीची चूक असेल तर सदस्याला ती दुरुस्त करता येते. एरवी त्या वेळी सभागृह कॉफी पीत असतं. गाविना उभी राहिली.

"अध्यक्ष महोदय, वृत्तान्तात चूक आहे. मंत्री म्हणाले, त्या तारखेपर्यंत सोर्गिलेत जन्म नाही. मंत्री हे वाचत होते तेव्हा सोर्गिलेच्या खिंडीत, माझ्या जीपमध्ये, ही जन्मली. हिचं नाव बोनारिया."

स्पिगासाहेब हसले. "अभिनंदन. पण हा एक अपवाद. त्याआधी अनेक वर्षं जन्म नाहीच, हे सदस्या नाकारणार नाहीत."

"नाही नाकारत." गाविनाने पेपराचं कात्रण काढलं. "मग या फोटोत तुम्ही ज्याचा मुका घेताय, ते बाळ कुणाचं?"

सभागृहात पहिल्यांदाच कप खाली ठेवल्याचे आवाज आले.

"ते... गावातलंच," स्पिगासाहेब म्हणाले.

"हो ना. आईचं नाव?"

"एवढं कसं लक्षात राहणार?"

"वडिलांचं?"

मागच्या बाकावरून, कोकराची गोष्ट कानावर आलेलं कुणीतरी हलकेच म्हणालं, "बें."

मग दुसऱ्या कोपऱ्यातून. मग सत्ताधारी बाकांवरूनही, कारण तेही धनगरांचेच नातू आहेत. अध्यक्ष घंटा बडवत राहिले आणि आमच्याकडे घंटा वाजली की काय आठवतं ते तुम्हीच ओळखा. बें-बें वाढतच गेलं.

त्या गोंधळात मावशी काठी टेकत माझ्याजवळ आल्या. परातीतला मंत्र्यांचा कागद त्यांनी हाताने नीट सपाट केला, त्यावर खिशातलं फडकं अंथरलं आणि बोनारियाला माझ्यात निजवलं.

माझी दांडी हलली. मित्रांनो, किती दिवसांनी हलली.

मावशींनी पितळी वजन सरकवलं, मान डोलावली. बोनारियाने ओरडणं थांबवलं, माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं, आणि मग निवांतपणे, भरपूर, मुतली. फडक्यातून, कागदातून. 'उद्भवत नाही' हे शब्द आधी फुगले, मग निळे झाले, मग गेले.

 अध्यक्षांनी घंटा खाली ठेवली. "सदस्या तोलू, दुरुस्त वृत्तान्तानुसार प्रश्न पुन्हा जिवंत होतो. तुम्ही समाधानी आहात की असमाधानी?"

"मला वाटतं सांगून झालंय," गाविना म्हणाली. "पण लिहून घ्या. असमाधानी."

पिनुच्चो नाक दाबून फडकं घेऊन मला पुसायला आला. मावशींनी काठी आडवी धरली.

"काटा राहू दे. त्याला सवय आहे. तो कागद उचल. घाण त्याच्यात आधीपासून होती."

सोर्गिलेत आता डॉक्टर येते. मुख्य भूमीवरची एक सडपातळ मुलगी, आठवड्यातून दोन दिवस. उरलेले पाच दिवस आजारी पडायचं नाही, एवढी काळजी गाव घेतं. झरे अजून आटतात, दुधाचा भाव आहे तिथेच आहे आणि त्याबद्दल सरकार अत्यंत संवेदनशील आहे. दवाखाना सुरू झाल्याचं कळताच स्पिगासाहेबांच्या कचेरीने विचारलं, उद्घाटनाला कधी यावं? मावशींनी कळवलं की दार उघडंच आहे, फीत बांधायला जागा उरलेली नाही.

आणि मी परत माझ्या टेबलावर आहे. मध्यंतरी शहरातून कुणीतरी आलं होतं, मला नवा मुलामा देऊन काचेच्या कपाटात ठेवायला. म्हणे जुन्या वस्तूंची निगा राखली पाहिजे. मित्रांनो, कुठे माझ्यासारखा काटा, एखादा दवाखाना, एखादी शाळा दिसली, तर कृपा करून तिला चकचकीत करू नका. चकचकीत झालो की आमच्यासमोर फोटो काढतात. आमची निगा राखायची तर आम्हांला कामाला लावा. वापरा, भिजवा, घाण करा.

सोमवारी बोनारियाचा वार असतो. डॉक्टरीणबाई कागद अंथरायला मावशींकडून शिकली आहे. राजपत्र दर आठवड्याला न चुकता येतं, तेवढं सरकार नेमाचं आहे. कागदाची ददात नाही. बाळं तेवढी आणा.