झेंडे नसलेलं शेत

वहिनींच्या कमरेच्या पिशवीत वीतभर काडीचे लाल झेंडे असत. रोज सकाळी कापणीच्या आधी त्या वाफ्यांमधून वाकून चालत. सशाच्या लेंड्या, बदकाचं पीस, कसला तरी पायाचा ठसा, काहीही दिसलं की तिथे झेंडा रोवायचा आणि भोवती पाच पावलांचं वर्तुळ आखायचं. वर्तुळातला पाला कापायचा नाही. हा सॅलडचा पाला लोक पाकिटातून थेट ताटलीत घेऊन कच्चाच खातात, म्हणून नियम कडक, आणि त्यात वावगं काही नव्हतं.

शेत त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या दिराचं. नवरा गेल्यापासून पिकाचं त्या बघत आणि पाला विकत घेणाऱ्या कंपनीशी बोलणी दीर करी. तो गोड बोलण्यात पटाईत होता. त्याचं ऐकून कापणीवाल्या बायाही त्यांना वहिनीच म्हणत, आणि कंपनीचा तपासनीससुद्धा.

हा तपासनीस बहुधा हातात फुटपट्टी घेऊनच जन्माला आला असावा. शेताच्या वरच्या अंगाला शेजाऱ्याचा गोठा होता. गोठ्याचा उतार आणि शेत यांच्यामध्ये बोरू, लव्हाळी आणि झुडपांचा तीस फुटी पट्टा. तो कोणी लावला नव्हता आणि कोणाच्या अध्यातमध्यातही नव्हता. बेडूक, बदकं, ससे सगळे तिथेच मुक्कामाला असत.

"हे रान काढा," तपासनीस म्हणाला. "जनावरं इथूनच येतात. मला मोकळी माती दिसली पाहिजे. नाहीतर पुढच्या हंगामात माल घेतील की नाही, मी सांगू शकत नाही."

"काय करायचं, वहिनी?" दिराने विचारलं.

वहिनींना झेंड्यांचा वीट आला होता. रोज दहा-बारा वर्तुळं, रोज तेवढा चांगला पाला मातीमोल.

"काढून टाका," त्या म्हणाल्या. खरं तर त्यांना हायसंच वाटलं.

यंत्राने दोन दिवसांत पट्टा साफ केला. पहिल्या दिवशी बेडूक उघड्या मातीत सैरावैरा उड्या मारत होते, तिसऱ्या दिवशी शोधूनही एक सापडेना. झेंडे अकराचे चार झाले, मग एक, मग तोही नाही. तपासनीसाने पैकीच्या पैकी गुण दिले. दीर तर भेटेल त्याला ते ऐकवत सुटला. वहिनी बोलून दाखवत नव्हत्या इतकंच, अभिमान त्यांनाही वाटत होता.

त्यानंतर आठवड्याच्या आत एकदा पहाटे जोराची सर येऊन गेली. सकाळी वहिनी वरच्या वाफ्यांपाशी पोचल्या आणि थबकल्या. तीन वाफ्यांतल्या खालच्या पानांवर गढूळ साय बसली होती. एक पान त्यांनी नाकाशी नेलं. शेणाचा वास होता.

गोठ्याचं पाणी काही नव्याने वाहू लागलं नव्हतं. आजवर ते बोरूत शिरायचं आणि तिथेच मुरायचं, म्हणून कोणाला दिसलं नव्हतं. आता त्याला अडवायला काहीच उरलं नव्हतं. वहिनींचा हात सवयीने पिशवीत गेला, पण झेंडा रोवायचा कुठे? तीन वाफेभर पसरलेल्या पाण्याभोवती पाच पावलांचं वर्तुळ आखणार कसं? हातातल्या कंपनीच्या रोजच्या तपासणीच्या कागदावर विचारलं होतं, जनावर आलं का, ठसे आहेत का, पिसं आहेत का, कुंपण तुटलं का. पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्यांनी दिराला हाक मारली. त्याने पाहिलं, चपलेने माती उकरली.

"कारखान्यात तीन-तीनदा धुतात, वहिनी. गाडी यायची वेळ झाली. आता तीन वाफे सोडले तर परत सगळ्या चौकशा सुरू होतील."

"धुऊन सगळं निघत नाही, भाऊजी."

"इतकी वर्षं कोणाला काही झालंय का?"

झालं नव्हतं. वहिनींनी चारही प्रश्नांपुढे 'नाही' लिहिलं, खाली सही केली आणि बायांना कापायला सांगितलं.

बारा दिवसांनी तपासनीस आला तेव्हा त्याच्या हातात तोच कागद होता. पाल्याने एकोणीस जण आजारी पडले होते. त्यांत एक चार वर्षांची मुलगी होती, तिची मूत्रपिंडं बंद पडली होती. पाकिटावरचा क्रमांक याच शेताचा.

"झेंडे शून्य," तो खालच्या आवाजात म्हणाला. "म्हणजे एखादं जनावर तुमच्या नजरेतून सुटलं. माणसाकडून होतं असं. आता खालच्या ओढ्याकाठची झाडीही काढावी लागेल."

"उद्याच काढतो," दीर लगबगीने म्हणाला.

वहिनींना सुटायला एवढं पुरे होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"जनावर नव्हतं ते," त्या म्हणाल्या. "गोठ्याचं पाणी उतरलं. ते रान त्याला अडवत होतं आणि आपण तेच कापलं. ओढ्याची झाडी काढलीत तर खालच्या सगळ्या शेतांत हेच होईल."

तपासनीसाने कागद त्यांच्यासमोर धरला.

"नुसत्या अंदाजावर मी आदेश थांबवू शकत नाही, वहिनी. पाणी आलेलं कोणी पाहिलंय का? इथे तर सगळीकडे 'नाही' आहे, आणि सही तुमची."

"वहिनींची तब्येत बरी नाही सध्या," दीर मध्येच म्हणाला. "वहिनी, तुम्ही आत जा बघू."

वहिनी हलल्या नाहीत.

"ती मुलगी कशी आहे आता?" त्यांनी विचारलं.

तपासनीसाने चष्मा काढून हातात धरला. "परवा गेली."

वहिनी बांधावरच खाली बसल्या. दीर काहीतरी बोलत होता, ते त्यांना ऐकू येत नव्हतं.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. वास घेऊनही पाहिला. गाडी साडेसातला आली. वीस मिनिटं होती माझ्याकडे."