टाकीचा वास

“मावशी, वास कुठं गेला?”

टाकी सांभाळणाऱ्या हनीफभाईने हे विचारलं, तेव्हा कस्तुरा कठड्यावरची झेंडूची माळ सोडवत होती. दसरा काल झाला होता. माळ परवाची, खंडेनवमीची.

“ग्येला येकदाचा,” ती हसून म्हणाली. “आता डबा तरी गोड लागंल.”

हनीफभाई काही हसला नाही. त्याने कठड्यावरून वाकून पाहिलं. एरवी काळंभोर दिसणारं पाणी राखाडी झालं होतं आणि त्यावर एकही बुडबुडा येत नव्हता. त्याने पुन्हा पुन्हा हुंगून पाहिलं.

“मेली वाटतं सगळी,” तो हळूच म्हणाला.

“कोन मेली?”

“आपली जनावरं, मावशी. ज्यांना तुम्ही रोज मळी घालता ती.”

कस्तुराच्या हातातली माळ हातातच राहिली.

चाकणच्या त्या कंपनीत खनिजाची भुकटी तेजाबात शिजवून निकेल काढायचे. मागे उरायचं ते आंबट, जहरी पाणी. ते या टाकीत यायचं. टाकीत डोळ्यांना न दिसणारे जीव पाळले होते. साखर कारखान्यातून आणलेली मळी खाऊन ते पाण्यातल्या धातूचा काळा चिखल करून तळाशी बसवायचे आणि मगच पाणी ओढ्यात सोडलं जायचं. जीव जिवंत असले की टाकीला नासक्या अंड्यांचा वास यायचा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. हनीफभाई म्हणायचा, “जोवर वास, तोवर श्वास.” कस्तुराच्या सासरची जमीन याच कंपनीखाली गेली होती आणि कंत्राटावर का होईना, तिला इथे झाडलोटीचं काम मिळालं होतं. म्हशीला आंबोण ठेवावं तशी ती रोज सकाळी टाकीत बादलीने मळी ओतायची. न दिसणाऱ्या जनावरांची चेष्टाही करायची. “खावा बाबांनो, पर जरा कमी वास सोडा!”

आता तिला खंडेनवमीची दुपार आठवली.

त्या दिवशी कंपनीतलं प्रत्येक यंत्र धुऊनपुसून हळदकुंकवाला तयार झालं होतं. टाकीचीही पूजा व्हायची होती, आणि पूजेला प्लांटच्या निरंजनसाहेबांच्या आई येणार होत्या. हनीफभाई पंपाचा भाग आणायला भोसरीला गेला होता. म्हाताऱ्या बाईने नाक दाबून आरती करायची, हे कस्तुराच्या मनाला पटेना. सणासुदीला माणूस अंगण सारवतं, अन् आपण लक्ष्मीला असल्या वासात बोलवायचं? तिने कोठीतून ब्लीचिंग पावडरचं पोतं ओढत आणलं आणि बादलीत कालवून कालवून सगळं टाकीत ओतलं. संध्याकाळी वास पळाला. साहेबांच्या आई म्हणाल्या, “किती स्वच्छ ठेवलंय गं!” त्या एका वाक्यावर तिचा दसरा गोड झाला होता.

बोलावं का? तोंड उघडलंही तिने. पण कंत्राटदाराचा एक शब्द आणि गेटपास गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा अंथरुणाला खिळलेला. घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं. तिने माळ कचऱ्यात टाकली.

तेवढ्यात निरंजनसाहेब आले. वयाने तरुण, स्वभावाने बरे, पण आज त्यांचाही चेहरा उतरला होता.

“हनीफ, सुट्टीत यांना खायला कोणी घातलं होतं?”

“काल कोणीच नव्हतं, साहेब.”

“म्हणजे उपाशी राहिलेत. पंप वेळेवर बसवला नाहीस, वर हे!” साहेबांनी कपाळ पुसलं. “आज दुप्पट मळी घाला, सावरतील. संध्याकाळी पाणी सोडू.”

“लॅबमधून तपासून घेतलं असतं तर...”

“लॅब उद्या उघडणार. प्लांट चालू आहे, मागच्या टाक्या काठोकाठ भरल्यात. पाणी ठेवू कुठं?”

आपल्या वाटणीची बोलणी हनीफभाई खातोय, हे बघून कस्तुराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मळीची बादली उचलली. निम्मी मळी पायावर सांडली, उरलेली तिने टाकीत ओतली. मेलेल्या म्हशीपुढं आंबोण ठेवतोय आपण, असं तिला वाटलं.

दुपारी डबा उघडलाच नाही. ती तारेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. खाली ओढा. ओढ्यात तिची जाऊ कौशल्या म्हशी घेऊन आली होती. म्हशी नाकापर्यंत पाण्यात बसून निवांत रवंथ करत होत्या.

“काय गं कस्तुरे, जेवलीस का न्हाई?” कौशल्याने खालून हाक मारली.

“जेवली की!” कस्तुरा खोटं बोलली. मग तिला राहवेना. “आज म्हशी लवकर ने घरी!”

“का गं?”

काय सांगणार? “आसंच,” म्हणून ती वळली. कौशल्या कसली ऐकतेय! सांज होईपर्यंत ती ओढ्यावरून हलायची नाही.

ऊन उतरलं तसा हनीफभाई पाणी सोडायच्या चाकाशी गेला. शेजारी साहेब. कस्तुरा हातात खराटा घेऊन लांब उभी होती. हनीफभाईने चाकावर दोन्ही हात ठेवले.

“थांबा! हनीफभाई, फिरवू नगा!”

दोघांनी दचकून मागे पाहिलं.

“ती उपाशी न्हाई मेली. म्या मारली. ब्लीचिंग पावडर वतली, आख्खं पोतं. पूजेला वास नगं म्हून.”

हनीफभाईने चाकावरचे हात काढून घेतले. साहेब पायरीवर बसले, मग फोन काढून त्यांनी प्लांट बंद करायला सांगितलं.

“सकाळी का नाही बोललात, मावशी?” ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“भ्या वाटलं, साहेब.”

“मग आत्ता?”

तिने ओढ्याकडे बोट केलं. “तितं माझी जाऊ म्हसरं घिऊन बसलीया. त्याचं भ्या जास्त वाटलं.”

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराने तिचा पास काढून घेतला. हनीफभाईने गेटपर्यंत येऊन सांगितलं, की साहेबांनी शब्द टाकून पाहिला, पण कंत्राटदार ऐकेना. टाकी धुऊन तिच्यात पुन्हा नवे जीव सोडायचे होते.

“त्ये कुठनं आनत्यात?” तिने विचारलं.

“म्हशीच्या शेणातनंच, मावशी.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरा डोक्यावर ताज्या शेणाची पाटी घेऊन गेटवर हजर. कौशल्याच्या म्हशींचं शेण. पास नाही म्हणून वॉचमनने आत सोडलं नाही. हनीफभाई बाहेर आला, त्याने पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. पुढेही ती पाट्या आणत राहिली.

मग ती चाकणच्या बाजारात कांदे निवडायला जाऊ लागली. बायकांना न्यायला टेम्पो यायचा तो कंपनीच्या भिंतीपाशीच. एका सकाळी वारा फिरला.

“अगं बाई, काय ही घाण!” शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला. बाकीच्यांनीही लावला.

कस्तुराचाही हात सवयीने पदराकडे गेला. तिने तो खाली घेतला आणि छाती भरून वास घेतला. टेम्पो आला. ती शेवटी चढली, भिंतीकडे तोंड करून बसली.