सासूबाई बसने जातात

गाडी मी चालवणार हे ऐकून सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला. नवऱ्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, नणंदेला नुकतीच मुलगी झालेली आणि तिचं घर समुद्राकाठच्या टीचभर गावात. दुसरा इलाज नव्हता. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांची नजर तपासते, पण माझ्या नजरेवर घरात कुणाचा काडीचा भरवसा नाही. लायसन्स मिळाल्यावर मी आमचं फाटक आडवं केलं होतं, एवढंच निमित्त. मला मात्र एकच हवं होतं : सासूबाईंनी शेवटपर्यंत माझ्या शेजारी बसावं.

शहर सुटेपर्यंत त्या गप्प होत्या. मग सुरू झाल्या.

"अगं, ट्रक आला!"

"दिसला, आई."

"दिसला तर हळू घे ना!"

मागे नवऱ्याने झोपेचं सोंग घेतलं होतं. वेळेला हा माणूस असाच कामाला येतो.

घाट सुरू होण्याआधी पाय मोकळे करायला थांबलो, तर समोर त्याच गावाची बस उभी. सासूबाईंनी पिशवी उचलली.

"राग मानू नकोस. मला नातीचं तोंड बघायचंय," म्हणाल्या आणि चढल्यासुद्धा.

मला रडूच कोसळलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं." त्याला मी गप्प बसवलं आणि धुसफुसत घाट उतरायला लागले.

अर्ध्या घाटात तीच बस कडेला उभी दिसली. इंजिनातून वाफा निघत होत्या. सासूबाई रस्त्यावर येऊन आम्हाला हात करत होत्या. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चार शब्द सुनावायचेच म्हणून मी काच खाली केली.

त्यांच्यामागे एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांनी गाडीत डोकावून विचारलं, "एवढ्या घाटात चालवणार कोण? या?"

"माझी सून आहे," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "बसा निर्धास्त. मी कायम हिच्याबरोबरच फिरते."

मी मागच्या दाराचं लॉक काढलं. दोघं मागे बसले, नवरा मध्ये चेपला गेला. सासूबाई पुढे बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "शब्द देऊन बसलेय मी. लाज राख गं बाई."

मी राखली. समुद्र दिसला तेव्हा सगळे तिकडे बघत होते. सासूबाई तेवढ्या मागे वळून आजी-आजोबांना सांगत होत्या, "परवा आम्ही परत निघतोय. यायचं असेल तर खुशाल या. हिच्या गाडीत जागा आहे."