शिलानं काढलेलं कुलूप

कळमनुरीत बसस्टँडमागं गुलनाजचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथं शिकवणारी शिला राठोड डोंगरकड्याकडच्या तांड्यावरची, नांदेडला डिप्लोमा केलेली. २००४ साली एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून तिनं क्लासमधल्या सगळ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. पण मशीन एकमेकांना जोडणारं नेटवर्क कार्ड काम चालू असतानाच गोठायचं.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, कुणीही उघडून वाचावा, दुरुस्त करावा, असं शिलानं ऐकलं होतं. खरं वाटलं नव्हतं. आता तिनं कार्ड चालवणाऱ्या कोडची फाईल उघडली आणि दुपारच्या रिकाम्या वेळात वाचत बसू लागली. दोन कामांनी एकाच वेळी एका जागी लिहू नये म्हणून कोडमध्ये कुलूप असतं. कार्ड नेमकं त्या कुलपापाशी अडत होतं. तिनं कुलूपच काढून टाकलं.

"बाजी, चालून राहिलं की हो!" ती गुलनाजला ओरडून म्हणाली. त्याच आनंदात तिनं तो बदल कर्नलवाल्यांच्या सामाईक मेल-यादीवर पाठवला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्या कार्डाचा कोड सांभाळणाऱ्या युरोपातल्या कुणा माणसानं ते लिहिलं होतं. 'हे कुलूप काढायला कुणी सांगितलं? हा बदल कुणीही वापरू नका. मेमरीत भलतंच लिहिलं जाईल, फायली खराब होतील.'

जगभरची माणसं हे वाचत होती. तोच आतून गुलनाजची हाक आली. "शिला, शाळेची स्मरणिका उघडूनच न्हाई राहिली!"

पानोपानी नुसती वेडीवाकडी चिन्हं होती. गुलनाजनं एका शाळेसाठी महिनाभर बसून टाईप केलेला मजकूर होता तो. त्या फाईलची दुसरी प्रत नव्हती.

"बाजी, म्या कुलूप काढलं त्याच्यानं झालं हे."

"काहून काढलं?" एवढंच विचारून गुलनाज शाळेचे हातानं लिहिलेले कागद पुन्हा काढायला लागली. तिनं आरडाओरडा केला असता तर शिलाला सोपं गेलं असतं.

शिलानं जुना कर्नल परत घातला. मग त्याच यादीवर, सगळ्यांसमोर लिहिलं, 'तुमचं बराबर आहे. माझ्या इथं फाईल गेली. पण कुलूप असलं की कार्ड गोठतं, त्याचं काय?' खाली, कार्ड गोठताना पडद्यावर उमटलेल्या सगळ्या ओळी उतरवल्या.

आता माफी मागून गप्प बसावं लागणार, असं तिला वाटलं होतं. पण युरोपवाल्याच्या उत्तरातला सूर पार बदलला होता. 'ही चूक आमच्याच कोडमध्ये आहे. काम संपवून कोड एका वाटेनं बाहेर पडतो तिथं कुलूप उघडायचं राहिलंय, म्हणून पुढचं काम अडतं. तुम्हीच दुरुस्त करून पाठवा.' शिलानं ते तीनदा वाचलं.

कुलूप वेळेवर उघडणारा तिचा नवा बदल दोनदा परत आला, तिसऱ्यांदा घेतला गेला. तोवर गुलनाजनं स्मरणिका पुन्हा टाईप केली होती; मुद्रितं शिलानं तपासली.

पुढं तिचा बदल घेऊन नवा कर्नल निघाला आणि ब्राझीलच्या एका माणसानं यादीवर तक्रार टाकली, या बदलानंतर माझं कार्ड बंद पडलं. युरोपवाल्यानं खाली एकच ओळ लिहिली. 'ते शिलाला विचारा, काम तिचं आहे.'

शिलानं गुलनाजला हाक मारून बोलावलं.

"आता काय झालं?" गुलनाजनं धसकून विचारलं.

"बाजी, मला विचारून राहिलेत."

"मग सांग की!"

शिलानं त्या माणसाला कार्ड कोणत्या बनावटीचं आहे ते विचारलं. उत्तर येईपर्यंत ती आपला बदल पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासत बसली.